बादलीला हळदकुंकू

आमच्या घरात दारू पहिल्यांदा आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून, आणि तिला पहिलं हळदकुंकू मीच लावलं. दारूबंदीच्या मोर्च्यात कलेक्टर कचेरीपर्यंत घोषणा देऊन घसा बसवून घेतलेली बाई मी. माझ्या घरी बादलीभर बीअर फसफसत होती, हे माझ्याबरोबर चाललेल्या बायकांना अजून माहीत नाही. हे वाचून कळलं तर कळू दे. मी निवृत्त मास्तरीण आहे. जन्म दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावण्यात गेला, आता मला कोणी लावायला येऊ नये.

खोकं जावयानं आणलं. जावई दिग्रसचा, नोकरीला पुण्यात. आमची एकुलती एक लेक त्याला दिली होती. तीन पावसाळ्यांपूर्वी ती गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेली आणि परत आणता आली नाही. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही. तिला मूलबाळ नव्हतं.

लग्नात हे, म्हणजे माझे यजमान, बांधकाम खात्यातून निवृत्त आणि बोलायला महाकंजूस, जावयाची ओळख करून देताना सगळ्यांना सांगायचे, "हा आमचा दहावा ग्रह." ग्रह नऊच, दहावा जावई, ही जुनी थट्टा. आमचा ग्रह मात्र स्वभावानं गरीब होता. दर दिवाळीला आणि हुरड्याच्या दिवसांत दोघं यायची. ती गेल्यावर पहिल्या दिवाळीला तो आला नाही. दुसरीलाही नाही. फोन यायचा. "आई, तब्येत कशी आहे, बाबा कसे आहेत," एवढं झालं की दोन्हीकडून गप्प.

वर्षश्राद्धाला माझी नणंद तोंडावर म्हणाली, "लेक होती तवर जावई होता वहिनी. आता तो कोनाचा? तरुण पोरगा हाय, दुसरी करीन. तुमाले कायले पुसतो?"

मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. लेक गेली ती गेलीच. पण ती चहात बिस्कीट कशी बुडवायची, रागावली की कोणत्या खोलीत जाऊन बसायची, हे माझ्याइतकं माहीत असलेला जगात तो एकटाच होता. तोही सुटला तर तिच्याबद्दल बोलायचं कोणाशी? हे तर बोलतच नव्हते. तिचं नाव निघालं की उठून नळ बंद आहे का ते पाहायला जायचे.

आमच्याकडे वऱ्हाडात लेकीला लाडानं माय म्हणतात. "काहून वो माय", "जेवली का माय". मीही तिला तेच म्हणायची, नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. ती गेल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. बाजारात दुसऱ्या कोणी आपल्या पोरीला तशी हाक मारली तरी मागे वळून पाहायचं नाही, एवढं मी शिकून घेतलं होतं.

तर दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, काही न कळवता, हा सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरून ऑटोनं दारात. मांडीवर खोकं. चांगलाच वाळला होता. पाया पडला आणि खोकं तसंच हातात धरून म्हणाला, "आई, हे तिनं घेऊन ठेवलं होतं. इथं करायचं होतं तिले."

तेव्हा मला आठवलं. जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला होता. थंडीत विलायतेतले लोक घरच्या घरी गडद, मसालेदार बीअर लावतात, विंटर एल म्हणतात तिला, आणि त्याचं सगळं सामान एका खोक्यात मिळतं, असं ती सांगत होती. "पन आई, पुण्यात थंडी राह्यली नाही आता. तिले एका स्वेटरची थंडी पाहिजे. आपल्या मागच्या खोलीतली." मी म्हटलं, आपल्या घरात दारू? बापाले विचार आधी. ती हसून म्हणाली, "बाबाले पटवतो मी." शाळेत मी जन्मभर पोरींच्या 'करतो'चं 'करते' आणि 'जातो'चं 'जाते' करत राहिले. घरची मात्र शेवटपर्यंत 'पटवतो'च म्हणत राहिली.

तिला आंबण्याच्या वासाचं वेड लहानपणापासूनचं. उन्हाळ्यात कुरडयांसाठी मी गहू भिजत घालायची. तिसऱ्या दिवशी ते आंबले की घरभर वास सुटायचा, गल्लीतली पोरं नाक दाबून पळायची, आणि ही त्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, नाक खुपसून बसायची. "आई, गहू उठला," म्हणायची. आमच्या घरची रीत अशी की जे काही मुरायला, आंबायला ठेवायचं त्या भांड्याला आधी हळदकुंकू. लोणच्याची बरणी असो की चिकाचा गंज. ते काम तिचं. बोटं एवढीएवढीशी, पण गंजावर कुंकू थापायची ते देवीच्या मळवटासारखं. पुढे तिनं अमरावतीला मायक्रोबायोलॉजी केलं आणि पुण्यात पाव करणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. हे म्हणायचे, लाखभर फी भरून पोरगी शेवटी पीठच आंबवून राह्यली.

ह्यांनी खोक्याकडे पाहिलं. "दारू?"

"बीअर आहे बाबा."

"तिची?"

"तिनंच घेतली होती."

हे जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मंग लावा."

मागची खोली तिची. उत्तरेकडची, ऊन न येणारी. लग्न होईपर्यंत तिचा अभ्यास तिथं, झोप तिथं. ती गेल्यावर मी दाराला कडी घातली होती. झाडायला म्हणून जायची तेवढीच. ह्यांनी तर त्या दारासमोरून जाणंही सोडलं होतं, संडासला जायला अंगणातून वळसा घालायचे. त्या दिवशी कडी काढली ती एका बादलीसाठी. यवतमाळ उंचावर आहे, डिसेंबरात आमच्या त्या खोलीत स्वेटर लागतो, दुसरा लागत नाही. बरोबर एका स्वेटरची थंडी.

सामान मोठं गमतीचं. तोटी असलेली झाकणाची बादली, नळ्या, पाण्यात तरंगणारी एक काचेची कांडी, बुचं, बुचं दाबायचं हत्यार, एक जड डबा, मसाल्याची पुडी आणि यीस्टची पुडी. कागदावर लिहिलं होतं की सगळं आधी औषधी पावडरच्या पाण्यात धुवा, हात धुवा, धुतलेल्याला न धुतलेलं लावू नका. एवढं सोवळं माझ्या सासूनं महालक्ष्म्यांनाही पाळलं नसेल. जावई धुवायचा, मी पाणी उकळायची, आणि हे खुर्चीवर बसून कागद मोठ्यानं वाचायचे, सरकारी परिपत्रक वाचावं तसं.

डबा गरम पाण्यात ठेवून मग उघडला. मोड आणलेल्या जवाचा काढा आटवून केलेला काळा घट्ट पाक होता, काकवीसारखा. मी नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिले. वास उन्हाळ्यातला होता, तिसऱ्या दिवशीच्या गव्हाचा. जावयानं विचारलं, "काय झालं आई?" मी म्हटलं, काही नाही बापू, गहू उठला. त्याला कळलं. तिनं त्यालाही ते सांगितलेलं होतं. आम्ही दोघं हसलो, आणि ती गेल्यापासून त्या घरात कोणी हसण्याची ती पहिली वेळ असावी.

पाक बादलीत ओतला, साखर घातली, गरम पाणी, मग गार पाणी. मसाल्याच्या पुडीतली संत्र्याची साल पडून पडून वास विसरलेली होती. मी ताजं संत्रं सोलून त्याची साल टाकली. आमच्याकडे संत्र्याचा काय तोटा. शेवटी यीस्ट. तीच त्याची भीती होती. "आई, हे जिवंत राह्यलं असंन का? तारीख संपत आली. दोन उन्हाळे कपाटात होतं." त्यानं पुडी फाडून भुरभुरली, झाकण लावलं, झाकणाच्या भोकात एक वाकडी नळी बसवली आणि नळीत घोटभर पाणी घातलं. आत आंबायला लागलं की त्या पाण्यातून बुडबुडा येतो. बुडबुडे येत आहेत म्हणजे काम चालू, थांबले म्हणजे काम पुरं आणि बाटल्या भरायच्या. ही एवढी एक गोष्ट समजली की सगळी विद्या समजली.

मी सवयीनं देवघरातून कुयरी आणली आणि बादलीला हळदकुंकू लावलं. लावल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं. पुसलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडा नाही. चहा घेऊन तिघं त्या खोलीत बसलो. नाही. जेवणं झाली, तरी नाही. संध्याकाळच्या गाडीचं त्याचं परतीचं तिकीट होतं. जावई बादलीकडे बघेना, हातातल्या रिकाम्या पुडीच्या घड्या घालत बसला. आणि ऊन उतरता उतरता नळीतलं पाणी एका बाजूला सरकलं, थोडं थांबलं, आणि बुडुक.

"आला," हे म्हणाले.

"जिवंत हाय," जावई म्हणाला. मी भाजी लागली म्हणून स्वयंपाकघरात पळाले. भाजी वगैरे काही गॅसवर नव्हती. तिथं उभी राहून मी पोटभर रडले.

त्यानंतर रोज फोन. आता तब्येत कशी, बाबा कसे, असलं कोरडं काही नाही. "आई, किती वेळानं येऊन राह्यला?" "सारखा येऊन राह्यला बापू, भात शिजल्यावानी." मग तिथून गोष्ट कुरडयांवर जायची, कुरडयांवरून तिच्यावर. तिनं पुण्यात एकदा गच्चीवर कुरडया घातल्या आणि कावळ्यांना भिऊन छत्री घेऊन दिवसभर बसून राहिली, हे मला त्या फोनवर कळलं. माझ्याच लेकीची गोष्ट, आणि मला ती नवीन.

शेजारच्या काकू एकदा ताक मागायला आल्या आणि सरळ मागच्या खोलीपर्यंत गेल्या. पांघरूण घातलेली बादली, तिला हळदकुंकू, समोर खुर्ची टाकून गप्प बसलेले हे. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि बादलीला वाकून नमस्कार केला. "कोन्तं व्रत करून राह्यल्या बाई?"

मी म्हटलं, व्रत नाही, चीक आहे कुरडयांचा.

"थंडीत कुरडया? वाळतीन कवा?"

"यंदा लवकर," मी म्हटलं. त्यांनी नाक वर करून वास घेतला. "कुरडयात लवंग घालता तुमी?" दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या घरच्या रीती वेगळ्या असतात असं म्हणत त्या ताक घेऊन गेल्या.

हे त्या खोलीत बसायला लागले होते. आधी पेपर वाचायला म्हणून, मग पेपर न नेताच. बुडबुड्याचा आवाज सारखा येत राहायचा, आणि दारासमोरून जाताना वाटायचं की आत कोणीतरी आहे. मला ते आवडायला लागलं होतं. ह्यांनाही आवडत असावं, पण ते कशाला बोलतील.

आठवडा होत आला असेल. मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. खिडकीतून ह्यांचा आवाज आला. फोनवर होते, आणि फोन ह्यांनीच लावला होता, ही मुळात नवलाची गोष्ट. "थांबले बापू. हो, सारे थांबले बुडबुडे. तुम्ही येजा या शनिवारी." मी आत गेले. नळीत बुडुक झालं. मी उभी असतानाच पुन्हा झालं.

"हे काय थांबलं?" मी म्हटलं. "खोटं कायले बोलले त्याच्याशी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थांबायची वाट पाह्यली तं तो कवा येईन?"

बत्तीस वर्षं मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. ह्यांनाही दोन शब्द सुनावले, की आंबणं पुरं झाल्याशिवाय भरलं तर कागदावर काय लिहिलं आहे ते तुम्हीच वाचलं होतं. हे म्हणाले, वाचलं होतं. आणि खुर्चीवर बसून राहिले. जावयाला परत फोन करून खरं सांगायला हवं होतं म्हणता? तुमच्या घरी असा नवरा असता तर तुम्हीही सांगितलं नसतं.

बाटल्या आणायचं काम माझ्याकडे आलं. भंगारवाल्याच्या दुकानात बीअरच्या रिकाम्या बाटल्या वेचत बसले होते, तर मालक निघाला माझा जुना विद्यार्थी. "मॅडम, तुमी?" म्हणाला. मग माझी पिशवी पाहून आवाज खाली आणून, "सरांनी रिटायर झाल्यावर सुरू केली का?" मी म्हटलं, हो रे बाबा, काय सांगू. बिचाऱ्यानं सहानुभूती म्हणून दोन बाटल्या जास्त घातल्या.

शनिवारी तो आला. भरायच्या आधी ती काचेची कांडी बादलीत सोडून पाहायची असते, आंबणं पुरं झालं की नाही ते कळतं. हे घाईनं म्हणाले, "मी पाह्यली, पाह्यली. भरा." जावयानं नळीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि तोटीखाली बाटली धरली. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालायची होती. ते काम माझं. घरच्या माणसासाठी साखर घालताना माझा अर्धा चमचा कधी अर्धा राहिलेला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या टेबलाखाली बाटल्यांच्या रांगा लागल्या. ह्यांनी कागद वाचून दाखवला, की आता हे थंड जागी मुरू द्या. जावई म्हणाला, संक्रांतीनंतर उघडू.

संक्रांतीपर्यंत दम कोणाला. मी तिळाचा पाक करत होते आणि मागच्या खोलीत धाडकन आवाज झाला. हे "सिलिंडर!" म्हणून ओरडत अंगणात. सिलिंडर माझ्यासमोर शाबूत होतं. दार उघडून पाहिलं तर टेबलाखाली काचा, छतापर्यंत तपकिरी फेस आणि खोलीभर संत्र्याचा वास. आम्ही पाहत असताना दुसरी फुटली. आंबणं पुरं न होता भरलं की बाटलीत वायू कोंडतो, कागदावर हेच लिहिलं होतं. दार ओढून घेतलं. रात्र होईपर्यंत अजून काही गेल्या. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, हवेत नाक धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या कुरडया लय चढल्या वाटते."

जावयाला फोन केला. तो म्हणाला, दाराच्या आत पाऊल टाकू नका, मी निघालो. आणि खरंच सकाळी हजर. ह्यांच्या स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर, अंगात रेनकोट, हातात ओलं पोतं, असा तो खोलीत शिरला. एकेका बाटलीवर पोतं टाकायचा, बूच हळूच सैल करायचा, फुस्स करून फेस उडायचा, आणि आम्ही दोघं खिडकीबाहेरून "सांभाळून बापू, सांभाळून" करायचो. डझनभर वाचल्या असतील. तो बाहेर आला तेव्हा हेल्मेटच्या काचेवरून बीअर ओघळत होती. मी इतकी हसले की पायरीवर बसावं लागलं. हेही हसले. ते हसणं मी पार विसरून गेले होते.

दुपारी अंगणात उन्हाला बसलो. तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या. स्टीलच्या पेल्यात त्यानं ती ओतली. गडद, तांबूस. ह्यांनी जन्मात दारू चाखली नव्हती, मी तर नाहीच. पहिला घोट कडू, मग मागून संत्रं, मग घशाशी लवंग. माझ्या मनात एकच आलं की हे तिला आवडलं असतं. मी तसं म्हटलंही. कोणी उठून नळ पाहायला गेलं नाही.

जावई पेला हातात फिरवत होता. खाली बघत म्हणाला, "आई, त्या दिवशी मी पाह्यला होता. भरायच्या आधी नळीत बुडबुडा येऊन राह्यला होता." ह्यांनी शेंग सोलायची थांबवली. "मी काही बोललो नाही. मलेही यायचंच होतं."

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. दिग्रसला त्याची आई मागे लागली होती. मुलगी फुलसावंगीची, पुण्यात नोकरीला, तिचंही एक लग्न होऊन मोडलेलं. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. होकार दिला नव्हता. "तुम्ही नाही म्हटलं तं नाही," म्हणाला.

मी उठून आत गेले. राग आला, खोटं कशाला बोलू. त्याच्यावर नाही, तिच्यावर नाही, कोणावर ते मलाच कळेना. नणंदेचं खरं झालं याचा सगळ्यात जास्त. आत उभी असताना ह्यांचा आवाज ऐकला. एका दमात इतकं बोललेले हे मी पहिल्यांदाच ऐकले. "बापू, करा. एकट्यानं राहू नका. मले माहीत हाय घरात आवाज नसला म्हंजे कसं वाटते. पन पुढच्या थंडीत खोकं आनजा."

उन्हाळ्यात त्यांनी कोर्टात लग्न केलं. आम्ही गेलो नाही, तेवढी मी मोठी नाही. पण लग्नानंतर तो तिला घेऊन आला. आमच्यात रीत आहे, दुसरेपणाच्या बायकोची ओटी पहिलीच्या आईनं भरायची आणि पहिलीचं माहेर ते तिचं माहेर करायचं. लहानपणी मला ती रीत फार थोर वाटायची. आता वाटलं, ज्यानं ही रीत काढली त्याची लेक गेलेली नसणार. खण, तांदूळ, नारळ तिच्या पदरात घालताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तिच्या पदराकडेच पाहत राहिले. तिनं मला आई म्हटलं. मी तिला "तुम्ही" म्हटलं. "चहा घेता का तुम्ही", "बसा तुम्ही". ती ओशाळली असेल. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून छतावरच्या डागाकडे बघत तिनं विचारलं, "फुटल्या त्या इथंच का?" आणि खुदकन हसली. मला ते हसू आवडलं आणि आवडल्याचा रागही आला.

या डिसेंबरात दोघं आली, खोकं घेऊन. ती धूत होती, तो ओतत होता, हे वाचत होते. नळी बसवून झाली तशी ती माझ्याकडे वळली. "आई, हळदकुंकू लावायचं राह्यलं ना?" त्यानं सांगितलेलं असणार. मी कुयरी आणून तिच्या हातात दिली. तिनं दोन बोटांनी नीटनेटकं, बारीक लावलं. मळवट नव्हता. बरंच झालं, मळवट मला सोसला नसता.

रविवारी दोघं परत गेली. आता ह्यांची खुर्ची पुन्हा त्या खोलीत आहे आणि मी हे तिथंच, लेकीच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. रोज फोन येतो, पण या वर्षी तो जावयाचा नाही, त्याच्या बायकोचा असतो. "आई, काय म्हणते बादली?" मी सांगते, "येऊन राह्यले बुडबुडे. तुम्ही काळजी करू नका." गहू उठल्याची गोष्ट परवा मी तिला सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि मग म्हणाली, अजून सांगा.

आज फोन आला तेव्हा हे समोरच पेपर धरून बसले होते. ती म्हणाली, "आई, शनिवारी सुटी मिळून राह्यली दोघांले. पन काम पुरं झाल्याशिवाय येऊन फायदा नाही, नाही का? थांबले का बुडबुडे?"

मी नळीकडे पाहिलं. बुडुक. ह्यांनी पेपर खाली केला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. पुन्हा बुडुक.

"थांबले वो माय," मी म्हटलं. "या."

ह्यांनी पेपरची घडी घातली, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून हेल्मेट काढायला चढले.